दुसरा ब्रेक

मार्चचं ऊन, उणे अकरा.
तळं अजून दोन विती जाड.
साइमीनं गिरमिटानं भोक पाडून मोजलं,
मग म्हणाली, "इथे उभा राहा, ताइस्तो."
चौदा वर्षांची पोर.
इकडे पोरंही म्हाताऱ्यांना तूच म्हणतात.

विमान पिवळं, फोमचं, चाकांच्या जागी स्की.
बॅटरी तिनं कोटाच्या आत काखेशी धरलेली;
थंडीत विजेचाही जीव आखडतो, म्हणते.
आधी रिमोट चालू, मग विमान.
बंद करताना उलट: विमान आधी, रिमोट शेवटी.
"का गं?"
"धनी नसलेलं यंत्र कुणाचंही ऐकतं."

पंख्याच्या समोर उभं राहायचं नाही.
थांबलेला असला तरी.
थांबलेला असला तर जास्तच.
हातमोजा काढून तिनं अंगठा दाखवला,
त्यावरची पांढरी रेघ,
आणि मोजा परत चढवला.

विमान उचलून ती तीस पावलं लांब गेली.
मी काठी हलवली.
तिकडे शेपटी हलली, ओळखीच्या कुत्र्यासारखी.
उजवीकडे काठी, उजव्या पंखाची झडप वर.
डावीकडे, डाव्या.
पुन्हा एकदा, ती ओरडली,
पुन्हा एकदा.

पलीकडे कालेर्वो बादली पालथी घालून
भोकाशी मासे धरत बसलेला, आमच्याकडे पाठ.
त्याच्या डोक्यावरून नाही.
गाड्यांवरून नाही.
आपल्या मागून तर नाहीच नाही.

दोन रिमोट, मधे एक काळी वायर.
तिनं खटका दाबून धरला तर विमान माझं,
सोडला की तिचं.
मला हसू आलं.
एकोणचाळीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली,
उजव्या सीटवर, पाय दुसऱ्या ब्रेकवर.
मी दाबून वाचवायचो,
ही नुसतं बोट उचलते.

तिनंच उडवलं, वाऱ्याला तोंड देऊन,
दोन चुका मावतील एवढं उंच नेलं.
"घे. तुझं."

माझं!
मुठीत धरलं तर उधळलं.
"चिमटीत," ती म्हणाली, "मीठ टाकतोस तसं."
चिमटीत धरलं,
आणि ते पाइनच्या रांगेपर्यंत सरळ गेलं,
इतकं सरळ, की मी श्वास घ्यायचा विसरलो
आणि वळवायचाही.

वळवलं. आता ते माझ्याकडे तोंड करून.
आता माझं उजवं ते त्याचं डावं.
हे मला कालच समजलं होतं, कागदावर,
स्वयंपाकघरात, कॉफी पिताना.
एक पंख खचला.
मी सावरला, तो आणखी खचला.
मी आणखी सावरला.
कालेर्वोची बादली मोठी व्हायला लागली,
तिचा निळा रंग दिसायला लागला.

"टेकू!" साइमी म्हणाली,
आवाज न चढवता.
"जो पंख पडतोय त्याच्या खाली काठी सरकव.
कललेल्या गोठ्याला देतात तसा टेकू."
मी सरकवली.
पंख उठला.
कालेर्वोनं मान वळवली नाही.

उतरवलं तिनंच.
बर्फावर दोन रेघा, हळूहळू उथळ होत गेलेल्या.

"मधे खटका सोडलास का?"
"नाही," ती म्हणाली,
बॅटरीकडे बघत.

हा 'नाही' माझ्या ओळखीचा.
चौकात बस अंगावर आलेली,
माझा तळवा खाली गेलेला,
आणि मग रस्त्याकडेला कुणीतरी घामेजून विचारायचं,
तुम्ही दाबलात का हो ब्रेक?
नाही रे. तुझाच पाय.
त्या 'नाही'वर किती जण आज
रात्रीच्या बर्फात ट्रक नेतात,
आणि मी कधी कुणाला खरं सांगितलं नाही,
काही वेळा तर खरोखरच
मलाच ठाऊक नव्हतं.

मी पुन्हा विचारलं नाही.
तिनं विमानाची वायर उपसली,
मान हलवली, तेव्हाच मी रिमोट बंद केला.

कोटातून तिनं दुसरी बॅटरी काढली,
ऊबदार, अंड्यासारखी, माझ्या हातावर ठेवली.
"या खेपेला," म्हणाली,
"तीन चुका उंच."