उशिराचा लाल

सोहारमध्ये एप्रिलपासूनच
गार पाण्याचा नळ गरम येतो.
पाणी समुद्राचं, मीठ काढून घेतलेलं,
चवीला कोऱ्या कागदासारखं.
मला आवडतं.
चव असलेल्या पाण्याची मला भीती आहे.

चौथ्या बाकावर माझं युरोपियम.
त्याला स्वतःला उजेड नीट धरता येत नाही.
भोवती एक कार्बनी कडं गुंफावं लागतं,
ते दिव्याचं अतिनील झेलतं
आणि ह्याच्या हातावर ठेवतं, हातउसनं.
हा परत करताना लाल करून देतो.
पुरतं परत येत नाही, मध्ये गळतं.

गळतं ते पाण्यापायी.
दोन रेणू युरोपियमला बिलगून बसतात
आणि हलत राहतात,
बाकावर पाय हलवणाऱ्या पोरांसारखे;
त्या हलण्यातच उजेड खर्ची पडतो.
किती बिलगलेत ते मोजता येतं.
एकदा साध्या पाण्यात, एकदा जड पाण्यात
विझायला लागलेला वेळ घ्यायचा, हिशेब मांडायचा.
उत्तर एक पूर्णांक नऊ दशांश आलं त्या दुपारी
मी एकटीच हसले,
तोंडावर हात ठेवून.

हाताचं असं आहे:
केळापूर तालुक्यात आमच्या हापशीला
कुणी साहेब लाल रंग फासून गेला.
रंगाचा अर्थ सांगायला थांबला नाही.
आम्हाला वाटलं, पोळा जवळ आला म्हणून.
पाणी गोड होतं.
वाडीतल्या सगळ्या पोरांचे दात
कडांपासून कथ्थे होत आत गेले
आणि आई म्हणायची, तोंड झाकून हास वं.

फ्लोराइड आलं की पाण्याचा रेणू उठतो,
त्याला जागा देतो,
आणि लाल भडकून वर येतो.
एवढीच माझी कल्पना.
अकरा वर्षं झाली तिला.

खमीस अल-मामरी रात्री फाटकावर असतो.
मी पाणी बघते हे त्याने कुठूनसं ऐकलं
आणि सरबताच्या बाटलीत घेऊन आला
आपल्या खजुरांमधल्या विहिरीचं.
म्हणाला, सगळे हेच पितो. धाकटी सहा वर्षांची.

दिव्याचा एक ठोका दिला की आधी सगळंच चमकतं:
धूळ, प्लास्टिक, माझ्या बोटाचं क्रीम.
सगळ्यांना घाई.
म्हणून यंत्र शंभर मायक्रोसेकंद डोळे मिटून घेतं,
मग उघडतं.
तोवर जे टिकलं, ते माझं.

आकडा आला. दोनदा आला.
तिसऱ्यांदा मी क्युव्हेट धुऊन घेतली, तरी आला.

त्यालाही बघायचं होतं.
खोलीतला दिवा घालवला, हातातला लावला.
नळाचं पाणी: असून नसल्यासारखं.
त्याच्या विहिरीचं:
डाळिंबाचा दाणा फुटावा तसं.
खमीस गुडघ्यांवर हात ठेवून वाकला,
माशाअल्ला म्हणाला हळूच,
आणि माझ्याकडे वळून,
झेन?
चांगलं आहे ना?

माझ्या अरबीत पगार आहे, पेट्रोल आहे,
उद्या आहे, पुढच्या आठवड्यात आहे.
दाताला काय म्हणतात, मला ठाऊक नव्हतं.

इतकं सुंदर काहीतरी समोर ठेवून
नाही कसं म्हणायचं, हेही.

मी खोलीतला दिवा लावला.
हात खाली घेतला
आणि ओठ मागे ओढून त्याला दाखवले,
सगळे, दाढांपर्यंत.

तो बघत राहिला.
मग बाटलीचं झाकण फिरवून बसवलं, घट्ट,
फोन काढला, घरी लावला.
पावणेतीन वाजले होते.
पलीकडे घंटा वाजत होती, कुणी उठत नव्हतं.
आम्ही दोघं थांबलो.