हबक

बिरकत अल-मौजमध्ये, फलजच्या पाटाकडेला
झुवेना बिन्त हमूद वाकून रानपुदिना खुडते.
ती म्हणते, हबक.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हबकलेच;
मराठीत हा शब्द असा अंगावर येतो.
माझा पुदिना तिच्या ओठांवर बुदिना झाला.
तेवढ्यावर आमचं भागलं.

निझव्याच्या प्रयोगशाळेत, दोन वर्षांच्या करारावर,
मी पानं सावलीत वाळवते, कुटते, वाफेवर चढवते.
कुपीत उतरतं ते तेल
चिमणीच्या डोळ्याएवढं.
यंत्र त्याचे डोंगर काढतं कागदावर:
मेंथोन, पिपेरिटोन, पुलेगोन.
अर्कात वेगळंच काही, रोझमेरिनिक आम्ल,
जे म्हणे सूज उतरवतं,
बुरशीला अडवतं.
'म्हणे' अहवालात चालत नाही.
तिथे मी लिहिते: शक्यता दिसते.
उंदरांवर पाहिलं. माणसांवर अजून पुरेसं नाही.

नातवाच्या पोटात कळ आली
की झुवेना चहात तीन पानं टाकते.
चौथं का नाही, विचारलं,
तर तिने असं पाहिलं
जसं आमटीत मूठभर मीठ का नको
विचारणाऱ्याकडे पाहावं.
सुनेला दिवस गेलेत, तिला तर एकही नाही.
माझ्या कागदावर पुलेगोनचा सुळका उंच,
यकृताला जड.
मी घडी घालून तो खिशात ठेवला.

सर्वांत उग्र वाफा कुठला?
शेवटचा. जिथे पाण्याची पाळी नवव्या दिवशी येते,
तीही कधी चुकते.
पाटात पाय सोडून बसलेला हबक
नुसताच उंच, गुळमुळीत.
यंत्रही तेच बोललं, दोन्ही हंगाम.

म्हणजे हे औषध नव्हेच मुळी.
हे बकरीला 'हो तिकडे' आहे,
अळीला, बुरशीला, जूनमधल्या दुपारीला.
ज्याला जागेवरून पळता येत नाही
त्याचं हे बोलणं.
आपण मध्येच कान देतो
आणि आपल्या पोटापुरता अर्थ काढतो.

एकविसाव्या मिनिटाला एक टेकाड उठतं,
लहानसं, दर वेळी.
कुठल्याच नोंदीशी जुळत नाही.
रकान्यात मी लिहिते: अनोळखी.

झुवेनाला दाखवलं.
तिने कागद नाकाशी धरला,
उलटा करून पुन्हा हुंगला.
म्हणाली, याला तर वासच नाही.
मग त्यातच एक ओली जुडी गुंडाळून
माझ्या हातात दिली.