वेलांटी

आमच्याकडे पुरुषाला ‘पान’ म्हणतात, बाईला ‘पानी’.
फरक एका वेलांटीचा.
ती सकाळी बेकरीतली साबीना गिळते,
दुपारी पोस्टातला कारकून,
संध्याकाळी सातव्या मजल्यावरचा म्हातारा लिफ्टमध्ये गाळतो
आणि वर माझ्यासाठी दार धरून ठेवतो.
चांगला माणूस आहे. तेच तर.

मी इर्मिना. वूच शहरात
बंद पडलेल्या कापडगिरणीच्या मागे
कपडे दुरुस्त करायचं माझं दुकान आहे.
बाह्या आखूड करते, चेन बदलते.
शर्टाची बटणं पुरुषांची उजवीकडे, बायकांची डावीकडे.
हे असं का, ते शिवणाऱ्यालाही ठाऊक नाही,
पण चुकलं तर गिऱ्हाईक लगेच ओरडतं.
कपड्यांच्या बाबतीत लोक फार काटेकोर असतात.

कोटाच्या उजव्या खिशात मी काळी बटणं ठेवते.
कुणी चुकलं की एक डाव्या खिशात.
मोजायचं नाही, असं ठरवलंय.
मोजते.
परवा अकरा होती.
दोघांना तिथल्या तिथे सांगितलं,
बाकीच्यांना सोडलं. एकीच्या कडेवर तान्हं मूल होतं,
एकाच्या तोंडाला वास येत होता,
आणि उरलेल्यांच्या वेळी मीच दमले होते.
प्रत्येकाची शिवण उसवत बसले
तर दुकान कधी उघडायचं?

गॅस कंपनीला फोन केला.
‘साहेब, खातं बाईंच्या नावावर आहे,
त्यांनाच द्या ना जरा.’
पहिल्या वर्षी मी भांडले होते. दुसऱ्या वर्षी रडले.
या वेळी म्हणाले, ‘थांबा हं, बोलावते.’
फोन टेबलावर ठेवला,
कात्रीला तेल घातलं, खिडकी लावली,
परत येऊन त्याच आवाजात म्हणाले,
‘बोला.’
पलीकडचा मुलगा क्षणभर गप्प.
मग म्हणाला, ‘मीटरचा आकडा सांगता का, पानी?’
वेलांटीसकट.
मी आकडा दोनदा सांगितला.

रविवारी आईचा फोन असतो.
ती दूर उत्तरेला, तळ्याकाठच्या गावात,
आणि क्रियापदांना घाबरते.
‘जेवण झालं?’ म्हणते. ‘झोप लागली?’
‘तिकडे थंडी आहे?’
तीन वर्षं झाली, अशी जपून चालतेय,
अंगणात बर्फ गोठल्यावर चालते तशी,
ना ला, ना ली.
कधीकधी वाटतं,
त्यापेक्षा चूक एकदाची.

गेल्या रविवारी फोन स्पीकरवर होता
आणि मी बीटाचं सार करत होते.
झाकणाची खडखड तिला तिकडे ऐकू गेली.
‘अगं, उकळू काय देतेस! रंग जाईल ना सगळा!
एवढी घोडी झालीस, अजून साधं सार येत नाही!’

मी गॅस बंद केला.
हातात पळी धरून उभी राहिले.
तिच्या लक्षात आलं नव्हतं.
आलं असतं तर सावरून घेतलं असतं तिनं,
म्हणून मी आवंढा गिळला आणि विचारलं,
‘मग व्हिनेगर कधी घालू?’
मला माहीत होतं कधी घालतात.
ती सांगत राहिली, रागावत राहिली,
मधेच पुन्हा एकदा ‘अगं’ म्हणाली.
सार तपकिरी झालं. दोन वाट्या प्यायले.

सोमवारी साबीनाने पाव बांधून दिला.
‘घ्या, पान.’
‘पानी,’ मी म्हणाले.
‘काय?’
‘पानी. रांग मोठी आहे, कळतंय मला. तरी म्हणा.’
ती म्हणाली, ‘सुटे आहेत का?’
खिशात हात घातला.
नाण्यांबरोबर एक काळं बटण तिच्या ताटलीत पडलं.
ते उचलायला मी थांबले नाही.