चोवीसपैकी सतरा

पुण्याचा माणूस फोनवर विचारतो,
कोपरे शाबूत आहेत का?
मी सांगते, तीन आहेत.
चौथा माझ्या धाकट्या भावानं दात येताना चघळला,
एकोणसत्तर साली, भुसावळला, रेल्वेच्या क्वार्टरात.
तो म्हणतो, घडी?
आहे. आडवी.
गुडघ्यावरून गेली असती तर शोभली असती,
पण ती डोक्याच्या वरून गेली आहे,
जिथे छापणाऱ्यानं आभाळ म्हणून
थोडा निळा ओतला होता.

गोळ्यांच्या पुड्यात निघायची ही चित्रं.
चोवीस जमली की कंपनी पितळी शिट्टी पाठवायची.
सतरा नंबर: लुकमान तडवी, लेफ्ट आउट,
गाव पाल, तालुका रावेर.
दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले,
काठी पुढे, आणि चेंडू
कापताना कागदाच्या बाहेर राहिलेला.

तेव्हा सतरा कुणाला मिळायचा नाही.
लोको शेडमधल्या फिटरच्या पोरानं त्याच्या बदल्यात
सायकलचा डायनामो मागितला होता.
मग झाशीच्या मॅचमध्ये कुणाची तरी काठी आडवी बसली,
वाटीचे दोन तुकडे झाले,
आणि त्याच आठवड्यात तोच पोरगा म्हणाला,
घे, अर्ध्या पेरूला देतो.
मी दिला.
मोठा अर्धा मीच ठेवला.

सगळे म्हणाले, संपला.
तो संपला नाही, हीच पंचाईत झाली.
सकाळी यार्डात मालगाडीच्या कडेनं चालायचा,
हातोडीनं चाकं वाजवत.
केळीच्या वॅगनी, कोळशाच्या, रिकाम्या.
टण्ण आलं की पुढे.
भद्द आलं की खडूची फुली.
दुपारी गरम विटेचा शेक, वर क्रेप बँडेज,
आणि पाच वाजता
इंजिनाची राख दाबून केलेल्या मैदानावर
फुलबॅक म्हणून उभा.

उभा म्हणजे उभाच.
पहिल्या वर्षी पोरं ओरडायची, चाचा, पय ना!
दुसऱ्या वर्षी ओरडायलाही कुणी नसायचं,
बाकावर मी,
आणि पाण्याची बादली सांभाळणारा सुपडू.
तिसऱ्या वर्षी मला दिसायला लागलं.
तो चेंडूकडे जातच नव्हता.
मान जराशी तिरपी करून ऐकायचा,
आणि तो असायचा तिथेच,
कसा कोण जाणे, चेंडू यायचा.
मग एक ढकल. आवाजही नाही.
चाळीस यार्डांवर एखादं एकोणीस वर्षांचं पोरगं
आपण काय पळतो, म्हणून फुशारून जायचं.

एकदा सहीसाठी चित्र घेऊन गेले.
हाताला खडू होता, म्हणून त्यानं ते
दोन बोटांच्या नखांत धरलं, उन्हाकडे केलं.
बराच वेळ.
मागची बाजू वाचली, स्वतःचं गाव वाचलं.
सही केली नाही.
म्हणाला, "याले सांग वो बाई,
जरा दमानं पय."

फोनवरचा माणूस आकडा सांगतो.
मोठा आहे.
दुखापतीनंतर कंपनीनं सतरा छापणं बंद केलं म्हणे,
त्यामुळे.
मी आकडा ऐकून घेते, कळवते म्हणते,
आणि कळवणार नाही हे
बहुधा त्यालाही कळतं.

शेवटची मॅच आम्ही हरलो, नागपूरकडून, तीन-एक.
एप्रिलची संध्याकाळ, हवा अजून तव्यासारखी,
शिट्टी झाली तशी दोन्हीकडची पोरं
नळाकडे धावली.
तो लंगडत आमच्या गोलाकडे गेला.
काठीच्या टोकानं डावा खांब वाजवला.
कान दिला.
मग उजवा.
उजव्यापाशी जरा जास्तच थांबला,
हाफपँटचे खिसे चाचपले.
खडू नव्हता.