मागच्या अर्ध्यातून

सोरियाच्या मैदानावर टेपचं टोक धरून
एकवीस वर्षं मी गवतात उभा आहे.
शून्य माझ्या हातात असतं.
आकडा तिकडे, वर्तुळापाशी वाचतात.

झिनाइदा कोझुहारी आली ती मार्चमध्ये,
वृद्धाश्रमातली पाळी संपवून,
हातांना फिनेलचा वास.
म्हणाली, ओरहेईत थाळी फेकायचे.
पहिला देश मी नाही सोडला,
तोच एका डिसेंबरात अंगातल्या जर्सीवरून उतरून गेला.
मी होते तिथंच होते.
दुसरा मात्र सोडला.

थाळीचं वर्तुळ अडीच मीटरचं,
हातोड्याचं त्याहून दीड वीत कमी.
तेवढं अंग चोरायची तिला तोवर सवय झालेली.

तीन वर्षं थांबा, असं कागदांचं म्हणणं.
तोवर तिची फेक स्पर्धेबाहेरची:
मोजायची, लिहायची नाही.
मी मोजली, आणि लिहिलीही,
घरच्या किराण्याच्या वहीत,
कांदे आणि साबणाच्या मधे:
एकसष्ट बारा.

मग पासपोर्ट आला. नवी जर्सी आली.
ती हसत सुटली, "पुन्हा लालच!"
फोनवर आई म्हणाली म्हणे,
निदान या खेपेला वेगळी धू.

हातोडा सुटतो तेव्हा
फेकणाऱ्याची पाठ असते मैदानाकडे.
गेलेलं कुठं पडलं ते वळून बघावं लागतं.
ते जमिनीला टेकेपर्यंत वर्तुळ सोडायचं नाही,
आणि सोडायचं ते मागच्या अर्ध्यातून.
पुढून पाऊल पडलं की लाल निशाण.
मी हे परीक्षेसाठी पाठ केलेलं.
तिनं एकदा विचारलं,
"हे लिहिणारा कुठल्या गावाहून निघाला होता?"

वारा माझ्याकडे असला की ऐकू यायचं,
गिरक्या मोजताना
त्रोफीम मास्तरांनी शिकवलेल्या तीन त्यांच्याच बोलीत,
उनू, दोय, त्रेय,
आणि इथं शिकलेली चौथी आमच्या:
क्वात्रो.

शेवटच्या दिवशी वारा पडलेला होता.
गुडघ्याला काळी पट्टी.
मी लांबूनच मोजल्या. तीन.
चौथी तिनं घेतलीच नाही.

गोळा माझ्यापासून चार पावलांवर रुतला.
ती थांबली, नियमाइतकी,
मग मागून बाहेर पडली,
बूट झाडले, ओळीतल्या पोरीला हातमोजा देऊन टाकला.

खड्ड्यात गवताची मुळं पांढरी दिसत होती.
मी गुडघे टेकून तिथं शून्य धरलं.
तिकडून कुणीतरी टेप ओढली.
"घट्ट धर," ओरडला, "हलतंय."