आठाच्या आत

दर तीन तासांनी मी बाळाला मार्क देते.
शिंका, अर्ध्या तासात तीनच्या वर: एक.
घरी म्हणाले असते शतंजीव.
जांभया, त्याही तीनच्या वर: एक.
रडणं, पत्र्यावर खिळा ओढावा तसं: दोन.
कुणी हात लावलेला नसताना थरथरणारे पाय: तीन.
दूध पिऊन तासभरही झोप नाही: तीन.
कपाळाला घाम. एक.

अकरा.

रेषा आठाला आहे.
बेळगावात कुणाला रेषा समजावावी लागत नाही,
पण ही तीनदा ओलांडली की
जिभेवर थेंब सोडायचे,
आईच्या पोटात पोचत होतं
त्याच्याच सख्ख्या भावाचे, मोजून,
आणि रोज थोडे कमी.

लगमव्वा विचारते, "एष्ट मार्क?"
अकरा, सांगते मी.
मंगळवारपासून पहिल्यांदा हसते ती.
"आमच्या घरात गणितात
एवढे कुणालाच पडले नाहीत, सिस्टर."

निपाणीच्या वखारीत
तंबाखूच्या बोदावरून पडली होती, गेल्या पावसाळ्यात.
कंबर.
दुकानदारानं वर्तमानपत्रात बांधून दिल्या:
दुखलं की एक घे.
रोज दुखलं.
पोट दिसायला लागल्यावर तर
दिवसातून चारदा.
कुणी विचारलं नाही म्हणते. मीही
नाव घालतानाच विचारलं असतं का,
माहीत नाही.

कागदावर आईला एकच चौकट आहे, नावाची.

काल पहाटे तीनला
पाळण्यापाशी जांभया मोजत होते.
एक. दोन. तीन.
चौथी बाळाची नव्हती.

मग तिच्या हातातल्या पेल्यातलं पाणी बघितलं.
नाक पुसून ओला झालेला पदर,
पंखा चालू असून मानेवरचा घाम.
कागद उलटला, मागच्या कोऱ्या बाजूला
पेन्सिलीनं तिचे लिहिले.
बेरीज केली नाही.
डॉक्टर पाटणेकरांना उठवलं, ते
चिडले, मग आले.

आज सकाळी सहा.
"सहाच?" तिचा चेहरा उतरला.
मला माझं मोडकं कन्नड पुरेना,
तिला मराठी.
इथे उलटं असतं गं, म्हटलं,
शून्य पडलं की घरी सोडतात.

बराच वेळ गप्प होती.
मग बाळाच्या कानाशी वाकून,
टाळूवर तळवा ठेवून,
हळूच:
"फेल आगप्पा. फेल आग."

तेवढ्यात शिंकलं ते.
तिनं दचकून माझ्या पेनाकडे पाहिलं.

एकच आहे, म्हटलं,
एकीला मार्क नसतो.
शतंजीव.