एकवीस कुप्या

विजापूर रोडवरच्या प्रयोगशाळेत
सकाळी अकरालाच एक्केचाळीस.
इरण्णाने चावी फिरवली, वहीत वेळ टिपली,
आणि शिशाच्या पोटात
सावकाश उतरला डबा:
तीन थर, थरात कडेला सहा, मधे एक,
अशा एकवीस कुप्या.
आत लोहाचं पाणी. दिसायला पाणीच.

आवाज नाही. उजेड नाही. वास नाही.
भोवती उभा कोबाल्ट,
जो दर महिन्याला थोडाथोडा दमतो
आणि कुणाला सांगत नाही.

वर आल्या तेव्हाही पाण्यासारख्याच.
त्यांचा पिवळेपणा डोळ्यांना लागत नाही,
यंत्राला लागतो, तोही आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात.

नायना साखर पेठेत रंगखात्यात होता.
सुताची लडी वाळली की
मधोमध बोटं घालून फाकवायचा:
वरून डाळिंबी, आत फिक्कट.
"पोट बघ," म्हणायचा,
"वरून काय, सगळंच रंगलेलं असतं."

मध्यावर शंभर धरले
तर भिंतीलगत एकशे आठ,
तळाशी एक्क्याऐंशी,
वरच्या थरात अठ्ठ्याहत्तर.
नववी कुपी खोटं बोलते.
तिचं बूच मी उघड्या अंगठ्याने पुसलं होतं.
तिला वगळलं, का वगळलं तेही लिहिलं.

अठ्ठ्याहत्तर.

गेल्या साली ज्वारीच्या बियांची पिशवी
डब्यात काठोकाठ कोंबली होती, मीच.
वर एकच चिठ्ठी: तीनशे ग्रे.
वाफ्यात काही रोपं खुजी, पिवळी, कण्हत उठलेली
आणि काही अशी टरारून,
जसं त्यांना कुणी काही बोललंच नाही.
अहवालात मी लिहिलं होतं:
जमीन एकसारखी नाही.

इरण्णा दारातून विचारतो, "मग आता, मॅडम?"
आता पिशवी लहान करायची,
मधल्या थरातच ठेवायची,
अर्धा वेळ झाला की काढून उलटी करायची.
"म्हणजे भाकरीगत," तो म्हणतो,
आणि शेंगाचटणीची पुडी उचलून
जेवायला जातो.

मी कपाटातून जुना अहवाल काढते.
पान सतरा.
बिचारी काळी जमीन, वर्षभर
माझा आळ घेऊन पडून होती.
ओळ खोडते. समासात पेन्सिलीने लिहिते:
पोट बघितलं नव्हतं.